शिक्षेचे तीन खेळ

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकणं कागदावरचंच समज. खरं वाकले तर उठताना खुर्चीचा दांडा धरावा लागतो.) तू कशी आहेस, भाऊजी कसे आहेत, त्यांची साखर आणि तुझे गुडघे काय म्हणतात, हे सगळं मी विचारलं असं धरून चाल. तू "बरं आहे" असं उत्तर दिलंस असं मी धरून चालते, म्हणजे दोघी मोकळ्या. पत्रात आधी प्रकृतीचं विचारावं हे तूच मला शिकवलंस, चौथीत असताना मामाला पत्र लिहायला बसवलं होतंस तेव्हा. त्यानंतर मी शाळाही सोडली आणि पत्रंही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस. काढशीलच म्हणा, तीस वर्षं मास्तरकी केलीस, हात थोडाच गप्प बसणार आहे. पण निदान लाल पेन घेऊ नकोस.

तीन वर्षं झाली आपण बोललो नाही. एकदम पत्र आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. काम पडलं म्हणून लिहिते आहे असा संशयसुद्धा घेऊ नकोस. मी एक सिनेमा पाहिला, त्याबद्दल लिहायचं आहे. तू म्हणशील, तीन वर्षांनी तोंड उघडलं आणि ते सिनेमासाठी? हो, सिनेमासाठी. पुढे वाच, मध्येच भाऊजींना वाचून दाखवू नकोस, आधी सगळं वाच.

मी थिएटरात झाडते हे तुला माहीत आहे. अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं बाईची चैन आहे, रोज फुकट सिनेमे. कसली चैन! अकरा वर्षांत मी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. आमचं काम असं असतं की, सिनेमा संपायच्या पंधरा मिनिटं आधी मी आणि माझ्या जोडीची, दोघी झाडू, सुपली आणि काळ्या पिशव्या घेऊन पडद्याच्या बाजूच्या दारात अंधारात उभ्या राहतो. सिनेमा संपला, नावं संपली की तिथलंच बटण दाबून साफसफाईचे मोठे दिवे लावायचे. लोक बाहेर, आम्ही आत. अठरा मिनिटांत तीनशे दहा खुर्च्या. म्हणजे मला सगळ्या सिनेमांचे फक्त शेवट ठाऊक. कोण कुणाचं कोण लागतं ते विचारू नकोस, पण शेवटी मिठी मारतात की मरतात ते मी कुठल्याही सिनेमाचं सांगेन. कचऱ्यावरूनही सांगेन. रडण्याचा सिनेमा असला की लोक पॉपकॉर्न स्वतःच्या मांडीवर सांडतात, मारामारीचा असला की पुढच्या रांगेत. आणि कंटाळवाणा असला तर एक दाणा सांडत नाहीत, कारण खाण्याशिवाय दुसरं काम नसतं.

हल्ली बहुतेक ते उडणाऱ्या माणसांचेच सिनेमे असतात. अंगाला चिकटलेले कपडे घालून धडधाकट माणसं आकाशातून येतात, अर्धं शहर पाडतात आणि शहर वाचवलं म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात. मी दारात उभी राहून त्यांच्याकडे कधी बघितलंच नाही, मी ढिगाऱ्याकडे बघायची. एवढी काच, एवढ्या विटा, वर पाण्याचा नळ फुटलेला. झाडणार कोण? ते एकाही सिनेमात दाखवत नाहीत. एकदा तरी शेवटी एक बाई झाडू घेऊन आलेली दाखवली असती, तर मी रांगेत उभी राहून तिकीट काढलं असतं.

दारावर तिकीट तपासणारे एक गृहस्थ आहेत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, त्यांना आम्ही प्रोफेसर म्हणतो. बायको गेल्यापासून हा माणूस या उडणाऱ्यांचा भक्त झालाय. कोणाला कशाने शक्ती आली, कोण कोणाचा सावत्र भाऊ, सगळं तोंडपाठ. एकदा मी त्यांना म्हटलं, "या वयात काय हो हे मारामाऱ्यांचं वेड?" तर म्हणाले, "बाई, त्यात मारामारी नसतेच. प्रत्येकाला कुणालातरी काहीतरी सांगायचं असतं. ते तोंडातून निघत नाही, म्हणून ते इमारती पाडतात." मी म्हटलं, "मग आधी तोंड उघडायला काय होतं? इमारती तरी वाचतील." त्यावर ते नुसतं हसले. (हसणं मला झोंबलं. तेव्हा कळलं नाही का ते.)

आता मुख्य प्रकार. या सिनेमांना एक नसती खोड आहे. सिनेमा संपतो, नावं सुरू होतात, ती आठ-नऊ मिनिटं चालतात (इमारती पाडायला एवढी माणसं कशाला लागतात कोण जाणे), आणि नावं संपल्यावर पुन्हा एक चिमूटभर तुकडा दाखवतात. त्या तुकड्यासाठी लोक खुर्च्यांना चिकटून बसतात आणि आमची अठरा मिनिटं मधल्या मध्ये खातात. गेल्या महिन्यात एक नवा सिनेमा लागला. पहिलाच दिवस, अकराचा खेळ, थिएटर फुल्ल. नावं संपली, पडदा काळा झाला, आणि लोक तरीही ढिम्म. माझा पारा आधीच चढलेला. जोडीची म्हणाली, "अगं थांब, अजून असेल काहीतरी." मी म्हटलं, "असेल तर घरी जाऊन बघतील." आणि दाबलं बटण.

ताई, काय सांगू. मी खांद्यावर पिशवी टाकून तरातरा पडद्यासमोर गेले आणि मोठ्यांदा ओरडले, "संपला! उठा! पाय वर घ्या!" त्याच क्षणी माझ्या पाठीमागे तो तुकडा सुरू झाला. प्रोफेसरांनी नंतर सांगितलं की मागच्या सिनेमात मेलेला कुणीतरी त्यात दार उघडून परत येतो, आणि लोक दोन वर्षं त्याची वाट बघत होते. लख्ख दिव्यात त्यांना तो दिसला नाही. त्यांना मी दिसले. तीनशे माणसं एकदम किंचाळली. मला वाटलं आग लागली. एक चांगला टक्कल पडलेला गृहस्थ खुर्चीवर उभा राहून म्हणाला, "बाई, बाजूला व्हा हो!" मी म्हटलं, "बाजूला काय व्हा, खुर्चीवरून बूट काढा आधी." तो रडायच्या बेताला आला होता. खोटं नाही सांगत.

साहेबांकडे तक्रार गेली. एक नाही, एक्केचाळीस. साहेब भला माणूस आहे, पण त्याची भलाई फार वाकडी असते. म्हणाला, "तुम्हाला काढत नाही. तुम्ही हा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा बघायचा, आणि नेमका कितव्या मिनिटाला संपतो, कुठे खोटा संपतो आणि कुठे खरा, ते पुठ्ठ्यावर लिहून बटणाशेजारी टांगायचं." चौथी शिकलेल्या बाईला लेखी काम! मी म्हटलं, त्यापेक्षा संडास धुवायला लावा. म्हणाला, ते तुम्ही आवडीने धुता, ती शिक्षा होत नाही.

तेव्हा दुसऱ्या दिवशी अकराच्या खेळाला मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर, झाडू दोन गुडघ्यांत धरून बसले. जन्मात पहिल्यांदा सिनेमाची सुरुवात पाहिली. या सिनेमात एक बाई आहे. तिचं नाव वीतभर लांब आहे, मी तिला उचलबाई म्हणते. ती लहान असताना त्यांचं घर पडतं, आणि आईच्या अंगावर येणारी तुळई ती दोन हातांनी धरून ठेवते. रात्रभर. तेव्हापासून तिला कितीही वजन उचलता येतं. ट्रक उचलते, पूल उचलते, एकदा तर आगगाडी. सोबत तिघंजण असतात. एक आग फुंकतो, एक दिसेनाशी होते आणि एक पोरगेलासा पळणारा आहे, नुसता पळतो. पूल पडायला लागतो तेव्हा हा पळणारा धावत येतो आणि खालून खांदा लावायला बघतो. उचलबाई त्याला कोपराने ढकलून म्हणते, "तुला जमणार नाही. जा तू." मी तिथल्या तिथे मोठ्याने बोलून गेले, "बरोबर आहे. नाहीच जमणार त्याला." पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं.

पुढे अर्ध्या तासाने सगळे एका खोलीत बसलेले असतात, आणि उचलबाई ताडकन उठून त्यांना म्हणते, "मी सगळं एकटीने उचललं. तुम्ही कुठे होतात?" मग तो पळणारा खाली बघून म्हणतो, "तूच हाकललंस."

ताई, माझे कान गरम झाले. मी उठले आणि बाहेर जाऊन स्वच्छ झाडलेली लॉबी पुन्हा झाडली. प्रोफेसर म्हणाले, "काय हो, मध्येच आलात?" मी म्हटलं, "सिनेमा भिकार आहे." म्हणाले, "पळणाऱ्याच्या बोलण्यापर्यंत पोचलात वाटतं." त्या माणसाला एक दिवस मी झाडूने मारणार आहे.

तुला कळलंच असेल मी कुठे चालले आहे. मास्तरीण आहेस. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी एकटीच तिच्याजवळ, माझ्यामागे ना नवरा ना पोरं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर, काखेखालून चादर घालून दिवसातून सहा वेळा मी तिला उचलायची. "एक, दोन, तीन" ती स्वतः म्हणायची आणि दोनवरच अंग सोडून द्यायची. तू एक महिन्याची रजा काढून मोठी बॅग घेऊन आलीस. चौथ्या दिवशी मी तुला परत पाठवलं. का, तर तू चादर चौकोनी घडी न घालता गुंडाळून ठेवलीस आणि सकाळच्या गोळ्या दुपारच्या खणात टाकल्यास. (गोळ्यांबद्दल मी आजही मागे हटत नाही.) मी म्हटलं, तुला नाही जमणार, तू जा, माझं चाललंय. नंतर तू फोन केलेस, दर वेळी मी म्हटलं, माझं चाललंय. आणि पाच महिन्यांनी आई गेली तेव्हा सगळ्या नातेवाईकांसमोर, भाऊजींसमोर, तुझ्या सुनेसमोर मी तुला म्हटलं, "आता आलीस? उचलायला माणूस लागत होतं तेव्हा कुठे होतीस?" तू एक शब्द बोलली नाहीस. मी वाट बघत होते, तू उलट बोलशील, मग आपण कडाकडा भांडू आणि मोकळ्या होऊ. तू चपला घातल्यास आणि गेलीस.

दुसऱ्या खेळाला मी त्या पळणाऱ्यावरच चिडले. ढकललं म्हणून काय झालं? गेलास कशाला? पाय रोवून उभं राहायचंस. एवढी अक्कल नको? दोन तास मी त्याच्यावर धुसफुसत होते. (तो सिनेमातला, त्याला काय कळतंय. माझ्या शेजारच्या माणसाने मात्र जागा बदलली.) आणि शेवटी चौघं मिळून एक बुडणारं जहाज खांद्यावर घेतात, एकमेकांकडे बघून रडतात, मागे बाजा वाजतो, संपलं. मला ते पटलं नाही. इतक्या दाटीत चौघांनी जहाज धरलं तर एकाचा तरी पाय चिरडणारच. आणि माफी मागताना मागे बाजा कुठे वाजतो? इथे मी तुला चार दिवस हे पत्र लिहिते आहे, तर शेजारच्या शिंप्याचं मशीन सोडून काही वाजत नाही.

तिसऱ्या खेळाला मला सगळं पाठ झालं होतं, म्हणून मी पूल बघायचा सोडला. उचलबाईकडेही बघितलं नाही. आणि तेव्हा कोपऱ्यात मला तो दिसला. "जा तू" म्हटल्यावर तो लगेच जात नाही, ताई. एवढा वाऱ्यासारखा पळणारा, पण पुलाच्या टोकाशी जाऊन उभा राहतो. नुसता. पडद्यावर दोन-तीन क्षणच असेल. ती हाक मारते का, ते बघत असतो. दोन खेळ मला तो दिसला नव्हता, कारण मी पुलाचं वजन मोजत बसले होते.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. त्या दिवशी तू बॅग घेऊन बाहेर पडलीस आणि फाटकापाशी थांबलीस. बॅग खाली ठेवलीस. पाव तास उभी होतीस, एकदा पदराने चष्मा पुसलास. तुला वाटत असेल मी आत होते, मी पाहिलं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. मी पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

आणखी एक. आईने त्यानंतर तीनदा विचारलं, "थोरली कुठे गेली?" मी तिन्ही वेळा सांगितलं की तिला कामं आहेत. आईने ते खरं मानलं. तुझ्यावर रागावली नाही, म्हणाली, "तिच्यावर मोठ्या घराचा भार आहे." पण ते खोटं होतं आणि ते मी बोलले, आणि ती तेच घेऊन गेली. ते आता मला दुरुस्त करता येत नाही. तुझ्याजवळ तेवढं दुरुस्त करता येतं, म्हणून लिहिलं. माफ कर असं म्हणायची मला सवय नाही, तू ओळ मोकळी सोड आणि काय हवं ते भर.

मी तुला रागाने पाठवलं असं मी इतके दिवस समजत होते. तसं नव्हतं. तुझा हात लागला की आई हसायची, ताई. मी दोन वर्षं उचलत होते आणि ती तुझ्या चौथ्या दिवशी हसली. ती तुळई माझी होती, ती मला दुसऱ्या कुणाला धरू द्यायची नव्हती. वजनाने मोडत होते तरी. बस. यापुढे मला लिहिता येणार नाही, आणि तूही मला याबद्दल उलट काही विचारू नकोस, मी सटकेन.

पुठ्ठा लिहून टांगला आहे. "खोटा शेवट दोन तास अकरा मिनिटांनी. खरा दोन तास बावीस. तोवर बटणाला हात लावायचा नाही." साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे हो." मी म्हटलं, बहिणीने गिरवून घेतलं होतं.

भाऊजींना नमस्कार सांग. ते मला तोफ म्हणतात ते मला माहीत आहे, आणि चालतं.

तुझी,
धाकटी

ता. क. सिनेमा बघायला जाऊ नकोस. शेवट मी सांगितलाच आहे आणि खुर्च्या तुझ्या गुडघ्यांना फार खाली पडतील.

ता. क. २. वर मी लिहिलं की मला काही नको. ते खोडायला गेले, पण कागद पातळ आहे, मागच्या पानावर शाई उतरते. म्हणून तसंच राहू दिलं. त्याकडे फार लक्ष देऊ नकोस.

ता. क. ३. माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन आहे. आतली शीर तुटली आहे असं डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं वजन उचलून होतं म्हणे. (मी त्यांना सांगितलं, झाडूला काय वजन असतं? ते म्हणाले, झाडूने नाही झालेलं.) सहा आठवडे त्या हाताने काही म्हणजे काही उचलायचं नाही, वेणीसुद्धा घालता येणार नाही. वेणी मी कापून टाकेन, ते काही विशेष नाही.

ता. क. ४. दवाखान्यात अर्ज भरून घेतला. "जवळचे नातेवाईक" असा रकाना होता, त्यात मी माझंच नाव लिहिलं. नर्सने अर्ज परत केला आणि म्हणाली, "अहो, तुम्हीच तुमच्या नातेवाईक कशा?" मग मी तुझं नाव लिहिलं. तुला न विचारता. नातं विचारलं तेव्हा मोठी बहीण असं सांगितलं. मग तिने विचारलं, "त्या येणार आहेत ना?" मी म्हटलं, विचारून सांगते. अठ्ठावीस तारखेला सकाळी सात वाजता बोलावलं आहे. त्या प्रश्नापुढे तिने अजून काही लिहिलेलं नाही.